बदलापूर
महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, अंबरनाथ तालुक्यातले उल्हास नदीकाठचे उपनगरी शहर. लोकसंख्या १,७४,२२६ (२०११). मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सु. ६८ किमी. वर वसले आहे. कारभार कुळगाव–बदलापूर नगरपरिषदेकडे आहे. मुंबई-ठाण्याच्या मानाने घरे स्वस्त असल्याने नोकरदार मध्यमवर्ग येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाला; मात्र लोकलमधील गर्दी आणि प्रवासात जाणारा वेळ यांची झळ त्याला रोज सोसावी लागते. जुलै २००५ व जुलै २०१९ च्या पुरांत सखल भागांतील वस्त्यांत पाणी शिरले. त्यामुळे घर घेताना वा गुंतवणूक करताना नदीची पूररेषा, बिगरशेती परवानगी, महारेरा नोंदणी (२०१७ पासून) आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची खातरजमा करणे अत्यावश्यक ठरते.