पावतीवरचं कोटिंग आणि काचेवरचं कोटिंग

घरात चष्म्याची एखादी जुनी पावती असेल तर ती समोर घ्या. मेन रोडची असो, कॉलेज रोडची किंवा नाशिकरोडची. दोन्ही डोळ्यांचे नंबर, फ्रेमची किंमत आणि काचेपुढे एखादं नाव: एआरसी, ब्लू कट, हार्ड कोट, नाहीतर कंपनीचं काहीतरी चमकदार नाव. आता समजा, पन्नास वर्षांनी कोणी चष्म्याचा इतिहास लिहायला बसलं आणि ही पावती त्याच्या हाती लागली. ‘या माणसाच्या काचेवर हे कोटिंग होतं’ असं त्याला लिहिता येईल का?

नाही येणार. ‘या माणसाने हे कोटिंग मागितलं होतं’ एवढंच लिहिता येईल. मागितलेलं आणि मिळालेलं यांच्यामध्ये एक लॅब असते, आणि लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता असतो: अमुक कोटिंग देता येत नसेल तर त्याऐवजी तमुक द्या. त्याला सबस्टिट्यूशन रूल म्हणतात. मी इथे बदली-नियम म्हणणार आहे. नोंदींवर आधारलेलं संशोधन करणार असाल, विषय कुठलाही असो, तर या तक्त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

हा प्रश्न मुळात नवा आहे, हे आधी लक्षात घ्या. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. 1912 साली ते लंडनला गेले. त्याच्या आधीच्या काळात सततची जागरणं आणि प्रयोग यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. त्या चष्म्यांची नोंद आज सापडली तर तिच्यात काय असेल? नंबर, आणि फार तर फ्रेमचं वर्णन. कोटिंगचा रकानाच नसेल, कारण चष्म्याच्या काचेला कोटिंग करण्याची पद्धतच नव्हती. रकाना नाही, म्हणून त्यात बदल होण्याचाही प्रश्न नाही. अशा काळात नोंद आणि वस्तू यांच्यात फारसं अंतर पडत नाही.

कोटिंगची कल्पना मात्र तेव्हा जन्माला आली होती, आणि तीही डागांमधून. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही बाजूंचा मिळून जवळजवळ 8 टक्के. 1886 मध्ये लॉर्ड रॅले यांना दिसलं की जुनी, मळकट पडलेली काच नव्या काचेपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते. पुढे 1892 मध्ये इंग्लंडमधले भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांना जुन्या डागाळलेल्या दुर्बिणीच्या भिंगात तेच आढळलं. गिऱ्हाईक ज्याला खराबी समजत होतं ती खरं तर सुधारणा होती. टेलर यांनी काच रसायनांनी मुद्दाम ‘म्हातारी’ करण्याचं पेटंट 1904 मध्ये घेतलं. पण निकाल दर वेळी सारखा येईना.

पुढची उडी 1935 ची. येना इथल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत भिंगावर पातळ थर बसवण्याची पद्धत काढली. लष्करी उपयोगामुळे ती बराच काळ गुप्त राहिली. 1938 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी एकावर एक 44 रेणुथर चढवून जवळजवळ प्रतिबिंबहीन काच दाखवली, पण तो थर बोटाने पुसला जायचा. थर घट्ट बसणं ही अडचण सोडवण्यात पुढची काही वर्षं गेली.

युद्धानंतर झाइसच्या कोटिंग केलेल्या कॅमेरा-भिंगांवर लाल ‘टी’ कोरलेला असायचा. संशोधकाला याहून चांगलं काय हवं? वस्तू स्वतःच सांगते आहे. चष्म्याच्या काचेवर मात्र अशी सोय सहसा नसते. तिरपी धरली की हिरवी, निळी किंवा जांभळी झाक दिसते, पण एकच झाक अनेक कंपन्यांच्या कोटिंगला असते. झाकेवरून नाव ठरत नाही.

मग प्लास्टिक आलं. सीआर-39 हे प्लास्टिक 1940 चं, त्यापासून चष्म्याच्या काचा बनल्या 1947 च्या सुमारास. (आपण अजून ‘काच’च म्हणतो, तसंच म्हणू या.) प्लास्टिक हलकं, पण ओरखडे पडणारं, म्हणून हार्ड कोट आला. पॉलीकार्बोनेट तर इतकं मऊ की हार्ड कोटशिवाय विकताच येत नाही. हाय इंडेक्समध्ये उलट अडचण: काच पातळ होते, पण 1.74 इंडेक्सच्या काचेच्या एका पृष्ठभागावरून 7 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फिरतो, म्हणून तिथे एआर कोटिंग जवळजवळ सक्तीचं. एकेकाळी कोटिंग ही चैन होती. आता कुठल्या मटेरियलवर कुठलं कोटिंग चालतं याचं जंजाळ झालं, आणि ते माणसाच्या डोक्यात मावेना. म्हणून नियम सॉफ्टवेअरमध्ये गेले.

नियम कसा दिसतो ते बघा. एका ओळीत अटी: मटेरियल, इंडेक्स, टिंट आहे का, कुठल्या दुकानाची ऑर्डर. मग ‘मागितलेलं’ आणि ‘द्यायचं’ असे दोन कोड. शिवाय प्राधान्यक्रम, लागू असण्याच्या तारखा, आणि बिल कुठल्या कोडने लावायचं.

काही नियम निव्वळ तांत्रिक असतात. पॉलीकार्बोनेट आहे आणि कोटिंग ‘नाही’ म्हटलंय, तर हार्ड कोट लावा. हार्ड कोट आणि एआर दोन्ही मागितलेत, पण त्या एआरमध्ये हार्ड कोट येतोच, तर एकच धरा. यावर कोणाचं भांडण नाही. काही नियम वारसाहक्काचे: जुनं नाव कंपनीने बंद केलं, त्या जागी नवं आलं, तरी दुकानदार वर्षानुवर्षं सवयीने जुनाच कोड पाठवत राहतो.

तिसरा प्रकार सगळ्यात बोलका. एआर कोटिंग निर्वात पेटीत घाण्याने होतं: बऱ्याच काचा एकदम आत, आधी एक बाजू, मग उलटून दुसरी. ज्या कोटिंगच्या दिवसाला दोन-तीनच ऑर्डरी येतात, त्यांच्यासाठी पेटी चालवणं परवडत नाही. थांबलं तर गिऱ्हाईक ओरडतं. मग नियम लिहिला जातो: हे कोटिंग ऐवजी ते, बिल जुन्याच दराने. बदल वरच्या दर्जाकडे असेल तर कोणी तक्रार करत नाही. खालच्या दर्जाकडे असेल आणि गिऱ्हाइकाला विचारलं नसेल, तर ती फसवणूक. सॉफ्टवेअरला मात्र दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

नियम एकमेकांत अडकतात ती गंमत वेगळीच. एक नियम म्हणतो ‘अ’ ऐवजी ‘ब’. दुसरा म्हणतो 1.67 इंडेक्सला ‘ब’ ऐवजी ‘क’. पहिल्या जुळणीला थांबायचं की शेवटपर्यंत जायचं, यावर काचेवर ‘ब’ येणार की ‘क’ हे ठरतं. आणि कोणी ‘क’ ऐवजी ‘अ’ अशी ओळ घालून ठेवली असेल, तर ऑर्डर गोल-गोल फिरते. शेवटी ती बाजूला काढून माणसाने बघावी लागते. टिंटचंही तसंच. पॉलीकार्बोनेट स्वतः रंग घेत नाही, रंग घेतो तो त्यावरचा खास हार्ड कोट, जो नेहमीच्यापेक्षा थोडा मऊ असतो. टिंटची अट न बघता ‘चांगला, जास्त कडक’ हार्ड कोट बदलून दिला की काच रंगच धरत नाही. चांगल्या हेतूने केलेली बदली, आणि काच रद्द.

आता यात संशोधकाचं काय अडतं? समजा तुमचा विषय आहे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांचे चष्मे किती टिकतात. किंवा निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचे, जे धुळीने भरलेली काच उपरण्याच्या टोकाने कोरडीच पुसतात. तुम्ही तक्रारींची नोंदवही घेता, कोटिंगच्या नावांप्रमाणे मोजता, आणि लिहिता की ‘अ’ लवकर ओरखडतं. पण त्यातल्या निम्म्या काचांवर ‘अ’ कधी चढलंच नसेल तर? दोष एकाचा, नाव दुसऱ्याचं. आणि तुमचा निष्कर्ष वाचून कोणीतरी त्या कामगारांसाठी खरेदीचा निर्णय घेईल.

औषधांशी तुलना करून बघा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधल्या नियम 65 नुसार, शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीवर असेल तर दुकानदाराला त्याऐवजी दुसरं देता येत नाही. हा नियम छापील आहे, कोणीही वाचू शकतं, त्यातल्या दुरुस्त्यांना तारखा आहेत. चष्म्याच्या कोटिंगचे बदली-नियम प्रत्येक लॅबच्या खासगी तक्त्यात. इतिहासकाराच्या दृष्टीने खरा फरक हाच: एक अभिलेख आहे, दुसरी सेटिंग. सेटिंग बदलली की जुनी ओळ पुसली जाते.

यंत्रांच्या बाबतीत प्रमाणीकरण झालंय. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेने ठरवलेल्या संदेशपद्धतीला आयएसओ 16284 हे आंतरराष्ट्रीय रूप 2006 मध्ये मिळालं, त्यामुळे एका कंपनीचं फ्रेम मोजणारं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या घासणाऱ्या यंत्राशी बोलू शकतं. पण कुठल्या कोटिंगच्या जागी कुठलं चालेल, हा ज्याच्या त्याच्या धंद्याचा निर्णय.

म्हणून लॅबमध्ये गेलात तर फक्त ऑर्डरींचा डेटा मागू नका. बदली-नियमांचा तक्ता मागा, लागू तारखांसकट, आणि तो बदलायचा अधिकार कोणाला आहे तेही विचारा. मग थोड्याच ऑर्डरी निवडा आणि प्रत्येकीचे तीन कागद जुळवा: दुकानाची पावती, लॅबचं जॉब तिकीट, लॅबचं बिल. जॉब तिकिटावर सहसा शेवटचा कोड असतो, बिलावर पहिला असू शकतो. तारखा नसतील, जुनी ओळ पुसली गेली असेल, तर वळसा घ्या. रीमेकची वही बघा. नियम चुकला की त्या आठवड्यात रीमेक वाढतात. कोटिंगच्या कच्च्या मालाची खरेदी बिलं बघा. पेटीत काय चढत होतं ते त्यावरून कळतं. आणि दुकानात तयार कोटिंगसकट आलेली स्टॉक काच नुसती फिटिंग करून दिली असेल, तर त्या ऑर्डरी वेगळ्या काढा. तिथे बदली झालीच तर ती काउंटरवर, बोलण्यात होते आणि कुठल्याच तक्त्यात येत नाही. तिच्यासाठी दुकानदाराची मुलाखत घ्यावी लागेल.

प्रबंधात रकान्याला नाव देताना ‘कोटिंग’ एवढंच लिहू नका. ‘मागितलेलं कोटिंग’ आणि ‘चढवलेलं कोटिंग’ असे दोन रकाने करा, आणि दुसरा जिथे भरता येत नाही तिथे तो रिकामाच ठेवा. गाईड विचारतीलच की एवढ्या जागा रिकाम्या का, तेव्हा त्यांना तक्ता दाखवा.