पांगळ्यांची यात्रा

नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, भीमेच्या कांठीं, सिद्धटेक आहे. तेथील सिद्धिविनायकाला प्रदक्षिणा घालावयाची म्हणजे सबंध टेकडीलाच वळसा घालावा लागतो. धडधाकट माणसाला त्यांत मौज वाटते. पण ज्याचे पाय जागचे हलत नाहींत त्यानें काय करावें? याच जिल्ह्यांत हरेगांवीं दर सप्टेंबरांत मतमाउलीची ख्रिस्ती यात्रा भरते; तेथेंही हा प्रश्न सुटलेला असतो असें नाहीं. मुंबईस वांद्र्याच्या जत्रेंत मेणाचे हात-पाय वाहण्याची चाल आहे. देह घरीं राहिला, तर त्याची प्रतिमा तरी मातेच्या चरणीं पोंचावी! प्रत्यक्ष देहच उचलून नेण्याचें काम संघटितपणें अंगावर घेतलें तें फ्रान्समधील कॅथॉलिकांनीं.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं लूर्द नांवाचें गांव आहे. १८५८ सालीं तेथील बर्नादेत सुबिरू या गरीब मुलीला एका गुहेपाशीं मेरीमातेचें अठरा वेळां दर्शन घडलें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. १८६६ त आगगाडी तेथवर पोंचली आणि यात्रेचें स्वरूपच पालटलें. १८७४ च्या राष्ट्रीय यात्रेबरोबर चौदा रुग्ण नेले होते. पुढें रुग्णांसाठीं स्वतंत्र गाड्याच सुटूं लागल्या. अत्यवस्थांच्या गाडीला ‘शुभ्र गाडी’ म्हणत. श्रद्धेशीं फारसें सख्य नसलेल्या एमिल झोलालाही तिनें ओढून घेतलें; १८९४ च्या त्याच्या ‘लूर्द’ कादंबरींत तिचें वर्णन आहे. स्टेशनावर या गाड्यांची वाट पाहत स्वयंसेवक उभे असत. १८८५ त त्यांचें मंडळ स्थापन झालें. खांद्यावर चामड्याचे पट्टे घालून ते रुग्णांना वाहून नेत. स्वखर्चानें येत, आणि त्यांत उमराव घराण्यांतले लोकही असत.

चर्चनें चमत्कार म्हणून मान्य केलेल्या रोगमुक्ततेचे प्रसंग २०१८ पर्यंत अवघे सत्तर! म्हणजे जवळजवळ प्रत्येक रुग्ण आला तसाच परतला. तरीही लोक पुन्हां येत, आणि वाहणारेही येत. बरें होण्यासाठींच ही खटपट असती, तर ती केव्हांच थांबली असती.

ही गोष्ट ब्रिटनमधील डॉ. मायकेल स्ट्रोड यांनीं नेमकी ओळखली. १९५६ त त्यांनीं अपंग मुलांच्या यात्रेसाठीं न्यास काढला. ईस्टरच्या सुमारास लहान लहान गटांनीं निघालेलीं हीं मुलें रुग्णालयांत न ठेवतां साध्या हॉटेलांत उतरवीत. बदल लहान दिसतो. पण रुग्णाचा यात्रेकरू होतो तो येथें.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना मात्र अजून दार बंदच होतें. आपल्या दोन मुलांना यात्रेस न्यावें असें एका फ्रेंच जोडप्याच्या मनांत होतें. मुलांना कांहीं समजणार नाहीं, इतरांना त्रास होईल, म्हणून त्यांना नकार मिळाला. तीं चौघें एकटींच गेलीं, तर हॉटेलवाल्यानें जेवण खोलींतच घ्यावयास लाविलें. त्या दुःखांतून १९७१ च्या ईस्टरची यात्रा उभी राहिली. पंधरा देशांतून सुमारें बारा हजार माणसें लूर्दला जमलीं. त्यांपैकीं चार हजार अशीं अपंग होतीं. यात्रा आटोपल्यावर गट मोडावयाचे होते. पण ते मोडले नाहींत. ‘श्रद्धा आणि प्रकाश’ या नांवाखालीं आईबाप, मुलें आणि मित्र आपापल्या गांवीं दरमहा भेटूं लागले.