दिव्याचे आयुष्य कोणी ठरविले?

देवघरातला नंदादीप मंदावला, तर त्याचे कारण शोधण्यास पांडित्य लागत नाही. तेल सरलेले असते, वातीवर काजळी धरलेली असते किंवा कोठून तरी वाऱ्याची झुळूक आलेली असते. विजेचा दिवा विझला म्हणजे मात्र ‘बल्ब गेला’ एवढे म्हणून आपण बाजाराची वाट धरतो. तो का गेला, आणि त्याने किती काळ जळावे हे मुळात कोणी ठरविले, या प्रश्नांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यात निसर्गाचा नियम आणि माणसांचा करार एकमेकांत गुंतलेले आहेत.

१८७९ च्या सुमारास इंग्लंडात स्वान व अमेरिकेत एडिसन यांनी कर्बतंतूचा दिवा व्यवहारात आणला. पुढे कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार सिद्ध केली आणि १९१३ मध्ये लँगम्यूर यांनी त्या तारेचे वेटोळे करून बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरला. तंतू जितका अधिक तापतो, तितका त्याच विजेत उजेड अधिक मिळतो. पण तितकीच त्या धातूची वाफ होऊन तो लवकर झिजतो. विजेचा दाब शेकडा पाच वाढला, तरी अशा दिव्याचे आयुष्य निम्म्यावर येते. हा झाला निसर्गाचा नियम.

आता करार पाहू. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स आदी प्रमुख कारखानदार एकत्र आले आणि ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन झाला. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. तोपर्यंत दीड ते दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. सभासदांच्या दिव्यांचे नमुने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत तपासले जात आणि दिवा ठरल्यापेक्षा फार अधिक टिकला, तर कारखानदाराला दंड होई! दुसऱ्या महायुद्धाने हा संघ मोडला.

संघाचा बचाव असा, की दीर्घायुषी दिवा उजेड कमी देतो आणि वीज अधिक खातो. हा बचाव सर्वस्वी खोटा नव्हता. १९५१ च्या ब्रिटिश मक्तेदारी आयोगानेही दिव्याचे एकच एक योग्य आयुष्य असू शकत नाही, हे मान्य केले. परंतु युक्तिवाद खरा असला म्हणून हेतू शुद्ध ठरत नाही. ग्राहकाला उजेड हवा की टिकाऊपणा, ही निवड ग्राहकाची होती. ती बंद दाराआड परस्पर केली गेली. भारतात अशा संगनमताला २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मज्जाव केला आहे.

कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे अग्निशामक दलाच्या ठाण्यात १९०१ पासून एक कर्बतंतूचा दिवा जळत आहे. पण त्याचा उजेड अगदी मंद आहे आणि तो क्वचितच मालवला जातो. थंड तंतूचा विद्युत्‌रोध फार कमी असल्याने बटण दाबताच प्रवाहाचा लोंढा येतो. म्हणूनच झिजलेला बल्ब बहुधा लावतानाच जातो.

आता घरोघरी एलईडी आला आहे. त्याच्या निळ्या दिव्याचा शोध लावणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्यात प्रकाश देणारा कण सहसा आधी मरत नाही. त्यामागील विद्युत्‌मंडल उष्णतेने जाते. म्हणून तो बंद काचेच्या हंडीत कोंडू नये. बटण बंद केल्यावरही तो मिणमिणत असेल, तर बटणातील सूचक दिव्यातून किंचित प्रवाह जात असेल, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले असेल. दुसरी चूक धोक्याची आहे. ती वायरमनकडूनच दुरुस्त करून घ्यावी. ट्यूबलाइट लुकलुकत राहिली, तर प्रथम स्टार्टर बदलून पाहावा. टोके काळी पडली असतील, तर नळीच संपत आली असे समजावे. आणि एकाच जागी बल्ब वारंवार जात असेल, तर दोष बल्बकडे नसून सैल होल्डरकडे किंवा वाढलेल्या दाबाकडे असण्याचा संभव अधिक.

न्यायासनापुढे जो नियम, तोच येथेही लागू आहे. आरोप सिद्ध करण्यापूर्वी निसर्गाचा दोष कोणता, कारखानदाराचा कोणता आणि आपल्याच घरातल्या तारांचा कोणता, हे वेगळे करून पाहावे लागते. नंदादीपाची वात सारणाऱ्या हाताला हा विवेक अंगवळणी पडलेला असतो. विजेच्या दिव्यापाशी तो सोडून देण्याचे काही कारण नाही.