अ अननसाचा, ळ सगळ्यांचा

मराठी मुळाक्षरांच्या तक्त्यावरचं पहिलंच फळ मुळात आपल्याकडचं नाही. अ अननसाचा, आणि अननस दक्षिण अमेरिकेचा. शब्दही तिथलाच. ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून तो पोर्तुगिजांनी उचलला आणि सोळाव्या शतकात फळासोबत इकडे आणला. हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं, अशी नोंद जहांगीर बादशहाच्या आठवणींतही आहे.

आम्हा भाईंदरकरांना फिरंगी काही लांबचे नाहीत. खाडीपलीकडची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. अलीकडे, भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळ धारावी किल्ला आहे, तो मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत घेतला. फिरंगी गेले, अननस मात्र राहिला, तोही थेट पहिल्या अक्षरावर.

हे सगळं मी खणत बसलोय कारण भाचीचा पाचवा वाढदिवस. ताईने थीम ठरवली आहे अक्षरांची. ए-बी-सी-डीचे फुगे, तोरणं, कागदी प्लेट्स दुकानात तयार मिळतात. क-ख-गचं सामान मला कुठे दिसलं नाही, म्हणून घरीच छापतोय.

छापायला घेतल्यावर लक्षात येतं की या दोन माळा वेगळ्या स्वभावाच्या आहेत. इंग्रजी अक्षरांचा क्रम फिनिशियन लोकांकडून ग्रीक आणि रोमनांमार्फत आला. ए नंतर बी का, याला उच्चारात काही कारण नाही. आपली वर्णमाला म्हणजे तक्ताच आहे, प्रोग्रामरच्या भाषेत टू-डायमेन्शनल ॲरे. ओळ सांगते आवाज तोंडात कुठे अडतो: क घशाकडे, च टाळूला, ट त्याच्या जरा पुढे, त दातांशी, प ओठांवर. स्तंभ सांगतो तो कसा सुटतो. तोंडासमोर तळहात धरून आधी प म्हणा, मग फ म्हणा. फ ला हवा जास्त लागते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास वेदपठण बिनचूक राहावं म्हणून लोकांनी जिभेचा हा अभ्यास केला. आमच्याकडे त्याचा खेळ होणार आहे: जमिनीवर पंचवीस कार्डं, मुलांनी आवाज काढून आपली जागा शोधायची.

ही माळ अजून वाढतेय. बॅट, बॉल, ॲप हे शब्द रोजच्या बोलण्यातले, पण ॲ आणि ऑ यांना राज्य शासनाने अधिकृत वर्णमालेत घेतलं ते २००९ च्या शासन निर्णयाने. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी ‘अ’वर चंद्र द्यायला गेलं की अनेक फॉन्टमध्ये मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं.

अक्षरांचा सोहळा करणं मात्र आपल्याला नवं नाही. एखाद्या कामाचा ‘ओनामा’ केला असं आपण म्हणतो, तो ओनामा म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. पूर्वी मूल अक्षरं गिरवायला लागायचं ते या शब्दांनी. ‘श्रीगणेशा’ही तसाच आला. कागद महाग होता, म्हणून फळीवर धूळ पसरून बोटाने गिरवायचं. तिचं नाव धूळपाटी. दसऱ्याचं पाटीपूजन आणि एक आकड्यांची सरस्वती त्याच घरातली. मल्याळी कुटुंबांत विजयादशमीला आजही तांदळात बोट फिरवून पहिलं अक्षर काढतात.

पण ती धूळपाटी सगळ्यांसाठी नव्हती. धूळ फुकट असूनही बहुतेक जातींना आणि जवळजवळ सगळ्या मुलींना तिच्यापर्यंत पोचू दिलं गेलं नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. पाच वर्षांच्या मुलीचा अक्षरांचा वाढदिवस, ही गोष्ट इतिहासाच्या हिशेबात अगदी ताजी आहे.

आता ळ. या अक्षराने शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यावर तो ‘ळ बाळाचा’ असा शेपटाकडून पकडावा लागतो. २०२५ च्या जुलैत मीरा रोडला भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी संघटनांचा मोर्चा निघाला, तेव्हा आमच्या लिफ्टमध्येही लोक जपून बोलायचे. ‘ळ म्हणून दाखव’ हे वाक्य टोमण्यासारखं वापरलेलं मी तेव्हा ऐकलं.

पाहुण्यांच्या यादीकडे बघितलं तर हा टोमणा टिकत नाही. गुजरातीत ळ आहे, मारवाडीत आहे, कानडी, मल्याळम, तमिळमध्ये आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत आहे. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांत तो रोज बोलला जातो, फक्त लिपी वेगळी. हिंदी, उर्दू किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलांच्या घरी तो नसेल, पण पाच वर्षांच्या जिभेला नवा आवाज शिकायला फार वेळ लागत नाही. जीभ मागे वळवायची आणि पुढे सोडायची, एवढंच.

म्हणून तांदळाचं ताट ठेवतोय. ज्याने त्याने आपापल्या घरच्या लिपीत ळ काढायचा, ज्याच्याकडे नसेल त्याने शेजारच्याचा घ्यायचा. केकवरच्या अक्षराबद्दलही ताईला सांगून झालंय. अननसाचा केक चालेल, पण वर ळ हवा.