बोलोन्याचे शवविच्छेदन, १५४० : ग्रंथ, वाणी आणि हात

विद्यापीठातील वैद्यकीय चर्चा सर्वांसमक्ष व्हावी, हा विचार आधुनिक नव्हे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या येथे मोन्दिनो दे लुत्सी याने मानवी शवाचे विच्छेदन शिष्यांसमोर केले आणि सुमारे १३१६ मध्ये शारीरावर एक लहानसा ग्रंथ रचला. पुढे दोनशेहून अधिक वर्षे हा ग्रंथ यूरोपातील विद्यापीठांत प्रमाण मानला गेला. त्याच्या आधाराने जी वार्षिक विच्छेदने होत, त्यांचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज सोळाव्या शतकातील स्थित्यंतराचे महत्त्व ध्यानी यावयाचे नाही.

या समारंभात तीन अधिकारी असत आणि त्यांची लॅटिन नावे मोठी अन्वर्थक आहेत. 'लेक्टोर' म्हणजे वाचणारा. हा प्राध्यापक उंच पीठावर बसून ग्रंथाचे विवरण करी. 'ओस्तेन्सोर' म्हणजे दाखविणारा. तो वाचलेला अवयव काठीने निर्देशित करी. 'सेक्टोर' म्हणजे कापणारा. हे काम बहुधा शस्त्रवैद्याकडे किंवा न्हाव्याकडे असे, आणि पीठावरील लॅटिन त्याला क्वचितच कळे. शब्द एकाकडे, अर्थनिर्देश दुसऱ्याकडे आणि वस्तू तिसऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी होती. ज्याला भाषा येई तो शवाला शिवत नसे. जो शिवे त्याला भाषा नसे. परिणामी ग्रंथ आणि देह यांच्यात विसंगती असली, तरी ती उच्चारण्याचे स्थान कोणालाच नव्हते. श्रोत्यांची संख्या वाढल्याने या स्थितीत काही फरक पडत नव्हता. सर्वांच्या साक्षीने ग्रंथालाच पुष्टी मिळत होती.

ब्रसेल्स येथे १५१४ मध्ये जन्मलेल्या आंद्रेआस वेसालियस याने ही विभागणी मोडली. १५३७ मध्ये पादुआ येथे शस्त्रवैद्यकाचा अध्यापक झाल्यावर वाचणे, दाखविणे व कापणे ही तिन्ही कामे त्याने स्वतःकडे घेतली. जानेवारी १५४० मध्ये बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पाचारण केले. तेथे व्याख्यानाचा मान मात्तेओ कोर्ती या वयोवृद्ध प्राध्यापकाचा होता. वेसालियसने केवळ शवावर दाखवावयाचे, अशी योजना होती. प्रयोगासाठी तीन मानवी शवे मिळाली होती. बाल्दासार हेसेलर या सायलेशियाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाची रोजची टिपणे लॅटिनमध्ये लिहून ठेविली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे एरवी विरून गेलेला मौखिक व्यवहार आज अभ्यासकास उपलब्ध आहे.

या टिपणांतून दोन विद्वानांतील विरोध स्पष्ट दिसतो. छातीच्या दाहात रक्तमोक्षण कोणत्या नीलेतून करावे, हा त्या काळी रुग्णाच्या जीविताशी निगडित प्रश्न होता. कोर्तीने हिपोक्रातेस व गॅलेन यांची वचने पुढे केली. वेसालियसने समोरच्या देहात नीला कशी जाते ते पाहण्याचा आग्रह धरला. आणखी एका प्रसंगी जिवंत कुत्र्याचे हृदय दाखवीत असता, हृदय व रोहिणी यांच्या स्पंदनांचा संबंध काय, असे विद्यार्थ्यांनी विचारले. तेव्हा स्वतःचे मत सांगण्याचे टाळून, हात लावून पाहावे व त्या हातांवरच विश्वास ठेवावा, असे त्याने सुचविले. प्रामाण्याचे स्थान पीठावरून श्रोत्याच्या बोटांपर्यंत येण्याचा हा क्षण होय.

तथापि हे परिवर्तन एका दिवसाचे मानणे इतिहासास धरून होणार नाही. गॅलेनने मानवी मेंदूच्या तळाशी वर्णिलेले 'अद्भुत जाल' हे वस्तुतः गुरांसारख्या पशूंत आढळते. वेसालियसने १५३८ च्या आपल्या चित्रपटांत ते मानवात असल्याप्रमाणे रेखाटले होते. १५४३ मध्ये बासेल येथे छापलेल्या 'फाब्रिका' या ग्रंथात त्याने ते नाकारले आणि आपण पूर्वी गॅलेनच्या भरवशावर चाललो होतो, हेही मान्य केले. स्वतःच्या हाताने कापणाऱ्याच्या डोळ्यांवरही शब्दाचे असे वर्चस्व होते. ज्या वस्तूला नाव मिळाले आहे, ती नसली तरी दिसते.

या सार्वजनिकतेची दुसरी बाजूही नोंदविणे अगत्याचे आहे. शवे प्रायः देहान्त शासन झालेल्या गुन्हेगारांची असत. पादुआ येथील एक न्यायाधीश अशी शवे वेसालियसला उपलब्ध करून देई. पादुआत १५९४ मध्ये सहा कठड्यांचे कायम शारीर-प्रेक्षागृह उभे राहिले. बोलोन्यातही सतराव्या शतकात तसे झाले. पीठावरील नावे ग्रंथांतून टिकली, पण मेजावरील देहांची संमती कोणी विचारली नाही. वैद्यकीय संशोधनात संमतीला मिळालेले स्थान पुष्कळ अर्वाचीन आहे, आणि १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता हा त्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा आहे.

तात्पर्य, ज्ञान उघड्यावर सांगितल्यानेच ते तपासले जाते असे नाही. बोलोन्यात सभा पूर्वीपासूनच भरत होती. नवीन गोष्ट ही की, श्रोत्याला वक्त्याच्या विधानाची पडताळणी करण्याचा अधिकार मिळाला. विद्यापीठीय परिसंवादाची कसोटी अखेर याच अधिकारात आहे.