मुसाका, बटाट्याचा

बटाट्याच्या चकत्या व खिमा यांचे थर रचून, वर अंड्याचे मिश्रण ओतून भट्टीत भाजलेला बाल्कन प्रदेशातील पदार्थ. मुसाका हे नाव अरबी मुळाचे असून ते ऑटोमन काळात (पहा : ऑटोमन साम्राज्य) तुर्कीमार्गे बाल्कनमध्ये रूढ झाले. मूळ पदार्थ वांग्याचा. सर्बिया, बॉस्निया, रूमानिया व बल्गेरिया येथे मात्र बटाट्याचा (पहा : बटाटा) प्रकार घरोघरी रुळला. ग्रीक मुसाक्यावरील दूध, लोणी व मैद्याचा बेशामेल सॉस १९२० च्या दशकात निकोलाओस त्सेलेमेंतेस या पाककृती-लेखकाने प्रचलित केला. बटाट्याच्या प्रकारात तो सहसा नसतो.

खिमा डुकराचा, गाईचा किंवा मिश्र असतो. मुस्लिम घरांत डुकराचे मांस वर्ज्य. कांदा तेलात परतून त्यात खिमा, मिरी व गोड तांबड्या मिरचीची पूड घालतात आणि पाणी पूर्ण आटवतात. ही पायरी निर्णायक होय. खिमा ओला राहिल्यास थर सुटतात व वडी धड कापली जात नाही. तळाचा व वरचा थर बटाट्याचा ठेवून भांडे सुमारे १८०° से. तापमानाला भाजतात. बटाटा मऊ झाल्यावर अंडी व दुधाचे मिश्रण ओतून पृष्ठभाग तांबूस होईपर्यंत पुन्हा भाजतात. बल्गेरियात चकत्यांऐवजी बटाट्याच्या चौकोनी फोडी खिम्यात मिसळतात आणि वरच्या मिश्रणात दही वापरतात.

थोड्या मांसात अनेकांचे जेवण होत असल्याने घरगुती आहारात याला महत्त्व आहे. तो दह्याबरोबर वाढतात.