कासवाच्या पाठीवरून तारेवर : गिटारच्या पिकाचा इतिहास

आजचा विषय नाण्याएवढा आहे : गिटारचं पिक. शेतातलं पीक नव्हे, तार छेडायची ती तिकोनी चकती. दुकानात गेलात की दुकानदार वीस तऱ्हा समोर मांडतो आणि आपण गोंधळतो. पण या तऱ्हा आल्या कुठून, हे कळलं की निवड सोपी होते. आणि त्या गोष्टीत एका समुद्री जिवाचं नशीबही गुंतलेलं आहे.

एकेकाळी सगळ्यात उत्तम पिक म्हणजे कासवाच्या कवचाचं, असं वादक मानत. हे कवच हॉक्सबिल जातीच्या कासवाचं. ससाण्यासारखी चोच असलेला हा प्राणी उष्ण समुद्रात, प्रवाळांच्या आसपास राहतो. त्याच्या पाठीवरचे पत्रे केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचे. गरम केलं की वाकतात, थंड झाले की कडक होतात, घासले की चकाकतात. कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, जडावाच्या पेट्या, सगळ्यांना हे कवच हवं असे. पिक हा त्यातला लहानसा ग्राहक. पण असे अनेक ग्राहक मिळून काय होतं बघा : १८४४ ते १९९२ या काळात सुमारे ९० लाख हॉक्सबिल कासवं या व्यापारात गेली, असा अंदाज २०१९ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात मांडला गेला.

आता दुसरा धागा. बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधता शोधता अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून सेल्युलॉइड बनवलं; त्याचं पेटंट १८७० चं. त्यावर कासवाच्या कवचासारखी पिवळी-तपकिरी नक्षी हुबेहूब उठवता येई. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला लुइजी डी’आंद्रेआने सेल्युलॉइडच्या पत्र्यातून ठशाने पिकं कापायला सुरुवात केली. नंतर ‘३५१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा, गोलसर खांद्यांचा तिकोनी आकार याच कारखान्याचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कासवांवर दया आली म्हणून हा बदल झाला नाही. नवं पिक स्वस्त होतं, म्हणून झाला. कायदा फार उशिरा आला. वन्यजीवांच्या व्यापारावरचा ‘साइटीस’ करार १९७३ चा, अंमल १९७५ पासून. कवचाचा मोठा ग्राहक असलेल्या जपानने आयात थांबवली ती १९९२ च्या अखेरीस. हॉक्सबिल आजही अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

दरम्यान नायलॉन आलं, १९६० मध्ये ड्यूपाँचं डेलरिन आलं, आणि १९८१ मध्ये जिम डनलॉपच्या कंपनीने त्याच जातीच्या प्लास्टिकचं ‘टॉर्टेक्स’ काढलं. कवचाला पर्याय म्हणून काढलेल्या त्या पिकावर छाप कासवाचाच! रंगावरून जाडी कळते : लाल ०.५० मिलिमीटर, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, जांभळं १.१४.

मग घ्यायचं कुठलं? पातळ पिक तारेला लागून वाकतं, म्हणून सगळ्या तारांवरून हात फिरवत साथ करायला बरं. एक मिलिमीटरच्या पुढचं जाड पिक वाकत नाही. एकेका तारेवर वेगाने वाजवताना ते हुकमी चालतं. टोक अणकुचीदार असेल तर आवाज धारदार, गोल असेल तर मऊ. सेल्युलॉइड खणखणीत वाजतं, पण लवकर झिजतं. नायलॉन लवचिक. टॉर्टेक्स खरखरीत असल्याने घामेजल्या बोटांतून निसटत नाही. नवशिक्याने ०.७३ च्या आसपास सुरुवात करावी. मग हातच सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण सांगून थांबतो. सतारीची मिजराब तारेची. आणि सरोदचा जवा? नारळाच्या करवंटीचा! करवंटीतूनही मोठमोठे सरोदवादक घडले. म्हणून कुणी कौतुकाने जुनं ‘अस्सल कवचाचं’ पिक विकायला काढलं, तर घेऊ नका. आपल्याकडे हॉक्सबिल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो सौदा गुन्हा ठरतो. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही उरलेली नाही.